एकच श्रद्धा, एकच मिस्सा आणि दोन बिशप: ख्रिस्ती चर्चमधील फुटी नेमक्या कशावरून झाल्या?

गिरगावकर (धागालेखक)

ख्रिस्ती चर्चमधील फुटींविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात कारणांची एक ठरावीक यादी असते: ख्रिस्ताचे स्वरूप, त्रैक्याची मांडणी, पोपचा अधिकार, मूर्तिपूजा, तारण श्रद्धेने की कर्माने. ही यादी चुकीची नाही. परंतु मुंबईच्या कॅथलिक समाजाचा जुना इतिहास वाचताना मला अशी एक फूट सापडली, की जिला या यादीत कुठेच जागा नाही, आणि तिच्यामुळे बाकीच्या फुटींकडेही वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटू लागले.

पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पोपनी पोर्तुगालच्या राजाला एक विशेष अधिकार दिला. पूर्वेकडील नव्या प्रदेशांत चर्च बांधण्याचा आणि धर्मगुरूंना पोसण्याचा खर्च राजाने करायचा, आणि त्या बदल्यात बिशपांची निवड राजा करणार. यालाच ‘पाद्रोआदो’ म्हणतात. १५३४ साली गोव्याचा धर्मप्रांत निर्माण झाला, आणि पुढे आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतचा मुलूख कागदोपत्री गोव्याच्या अखत्यारीत आला. पुढच्या शतकात पोर्तुगालची शक्ती ओसरली. रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपगंडा फीदे’ नावाचे धर्मप्रसाराचे खाते उघडले आणि पोर्तुगीज राजाला न विचारता, थेट पोपच्या नावाने कारभार पाहणारे ‘व्हिकर अपॉस्टॉलिक’ पाठवायला सुरुवात केली. एका मुलखात दोन अंमल उभे राहिले ते असे.

मुंबईत याचे जे झाले ते वाचण्यासारखे आहे. पोर्तुगीजांनी बेट इंग्रजांना दिले, पण चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे राहिली. १७२० मध्ये कंपनी सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बाहेर काढले आणि प्रोपगंडाच्या कार्मेलाइट बिशपांना बोलावले, कारण परक्या राजाशी एकनिष्ठ असलेले धर्मगुरू आपल्या किल्ल्याच्या आसपास असणे तिला परवडणारे नव्हते. १७८९ मध्ये कंपनीने चर्च पुन्हा गोव्याकडे दिली, दोन वर्षांत परत घेतली, आणि अखेर १७९४ मध्ये दोन्ही पक्षांत सरळ वाटणी करून टाकली. एकाच शहरातील कॅथलिकांना त्यानंतर शतकाहून अधिक काळ दोन वेगळे बिशप होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, दोघांचीही लॅटिनमधील, श्रद्धासूत्र तेच, सात संस्कार तेच, आणि पोपचे श्रेष्ठत्व तत्त्वतः दोघांनाही मान्य. असे असूनही १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये प्रोपगंडाचे बिशप हार्टमन स्वतः ठाण मांडून बसले आणि बाहेर विरुद्ध पक्षाच्या लोकांनी वेढा घातला. शेवटी सरकारी हस्तक्षेपाने ते चर्च पाद्रोआदो पक्षाकडे गेले.

माझे म्हणणे असे की मतभेद धर्मतत्त्वावरून होतात, परंतु मतभेदाची फूट होते ती ‘धर्मगुरूची नेमणूक कोणी करायची’ या प्रश्नावर. तत्त्वाचे भांडण शतकभर एका छपराखाली नांदू शकते. एका गादीवर दोन माणसे बसली की छप्पर फाटते. जाणकारांनी हे तपासून पाहावे.

जिज्ञासू

धागा आवडला, पण नियम फार लवकर बांधलात असे वाटते. एका उदाहरणावरून दोन हजार वर्षांचे अनुमान काढता येईल का? चौथ्या-पाचव्या शतकातील परिषदांमध्ये लोक ग्रीक शब्दांवरून वाद घालत होते, त्यांचे काय?

गिरगावकर

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्या काळापासूनच सुरुवात करतो.

इ. स. ३०३ नंतरच्या रोमन छळात उत्तर आफ्रिकेतील काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. छळ संपल्यावर कार्थेजला कैकिलियन बिशप झाला, तेव्हा त्याला दीक्षा देणाऱ्यांत असा एक ‘ग्रंथ सोपवणारा’ होता, असा आक्षेप घेऊन विरोधकांनी दुसरा बिशप निवडला. डोनॅटस याच्या नावाने ओळखला जाणारा हा पंथ पुढे तीन-एक शतके टिकला. पतित माणसाने दिलेला संस्कार खरा की खोटा, हा धर्मशास्त्रीय प्रश्न त्यातून पुढे आला, हे मान्य. पण वादाचा आरंभ ‘कार्थेजचा खरा बिशप कोण’ असाच होता.

इ. स. ४५१ ची कॅल्सेडनची परिषद याहून अवघड आहे. ख्रिस्त एक व्यक्ती, पण त्याच्या ठायी दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव, असे सूत्र तिथे ठरले. इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातील फार मोठ्या वर्गाने ते नाकारले, कारण ‘स्वभाव’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द होता तो अलेक्झांड्रियाच्या परंपरेत जवळजवळ ‘व्यक्ती’ या अर्थाने वापरला जाई. तिथे ‘दोन स्वभाव’ म्हणजे ‘दोन ख्रिस्त’ असे ऐकू येत होते. इथवर वाद तत्त्वाचा आणि भाषेचा. परंतु त्याच परिषदेने अलेक्झांड्रियाचे पीठाधिपती (म्हणजे त्या परंपरेचे सर्वोच्च बिशप) डायोस्कोरस यांना पदच्युत केले, बादशहाच्या पाठिंब्याने प्रोटेरियस यांना त्यांच्या जागी बसवले, आणि शिवाय कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पीठाला रोमच्या खालोखाल मान दिला, जो अलेक्झांड्रिया आपला समजत होती. ४५७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या जमावाने प्रोटेरियस यांना ठार मारले. त्यानंतर त्या शहरात दोन पीठाधिपतींची परंपरा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

आता पुढचा भाग. १९७३ साली पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, आणि ख्रिस्ताविषयीची आपली श्रद्धा मूलतः एकच आहे, असे त्यातून दिसून आले. पंधराशे वर्षांचा शब्दवाद असा सुटला. पण चर्च एक झाली का? नाही, कारण शब्दांचा वाद मिटला तरी बिशपांच्या याद्या दोनच राहिल्या.

केरळी पुणेकर

पुण्यात वाढलो असलो तरी माझे घराणे केरळच्या ‘मार थोमा नसरानी’, म्हणजे संत थॉमसच्या ख्रिस्ती परंपरेतील आहे, त्यामुळे या विषयात माझा जीव गुंतलेला आहे. गिरगावकर यांच्या मताला आमच्या इतिहासाने बळकटीच मिळते. मात्र त्यात आणखी एक धागा आहे, तो म्हणजे विधीच्या भाषेचा.

आमच्या पूर्वजांना बिशप येत ते पर्शिया-मेसोपोटेमियाकडून, आणि उपासना होत असे सिरियाक भाषेत. प्रत्यक्ष कारभार मात्र ‘अर्कदियाकोन’ हा स्थानिक प्रमुख धर्मगुरू पाहत असे. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली, सिरियाक ग्रंथांची ‘दुरुस्ती’ करवली, कित्येक ग्रंथ जाळायला लावले, आणि त्यानंतर आमच्यावर लॅटिन बिशप आले. लोकांनी अर्धशतक हे सोसले. १६५२ मध्ये अहतल्ला नावाचे एक सिरियन बिशप भारतात आले. पोर्तुगीजांनी त्यांना अडवून गोव्याच्या जहाजावर चढवले, आणि त्यांना समुद्रात बुडवले अशी आवई उठली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरी येथे हजारो लोकांनी क्रूसाला बांधलेली दोरी धरून शपथ घेतली की यापुढे जेझुइटांचा अंमल मानणार नाही. गर्दी इतकी होती की क्रूस वाकला, अशी आख्यायिका आहे, म्हणून ती ‘कूनन कुरिशु’, म्हणजे वाकड्या क्रूसाची शपथ.

त्या शपथेत धर्मतत्त्वाचा एक शब्दही वादाचा नव्हता. काही महिन्यांत बारा धर्मगुरूंनी हात ठेवून अर्कदियाकोन थोमा यांना बिशप केले. बिशपाशिवाय बिशप होत नाही, या प्राचीन नियमाचा हा भंग होता, आणि नेमक्या या दुबळ्या जागेवर रोमने बोट ठेवले. कार्मेलाइट मिशनरी आले, आमच्यातीलच परंबिल चांडी यांना १६६३ मध्ये रीतसर बिशपपदाची दीक्षा मिळाली, आणि बहुसंख्य चर्च रोमकडे परतली. उरलेल्यांकडे १६६५ मध्ये मार ग्रेगोरिओस आले. ते अँटिओकच्या पश्चिम सिरियन परंपरेचे, म्हणजे कॅल्सेडन न मानणाऱ्या परंपरेचे होते! ज्यांच्या पूर्वजांचा कॅल्सेडनच्या त्या बाजूशी संबंध नव्हता, त्यांना ते तत्त्वज्ञान बिशपाबरोबर आपोआप मिळाले. आधी बिशप आला, मागाहून मत आले. गिरगावकर यांच्यासाठी याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आणि हा प्रकार संपलेला नाही. १९१२ नंतर मलंकरा चर्चमध्ये अँटिओकचे पीठाधिपती मोठे की केरळचे कॅथोलिकोस मोठे, यावरून जी फूट पडली, तिचे खटले सर्वोच्च न्यायालयात १९५८, १९९५ आणि २०१७ मध्ये निकाली निघाले, तरीही चर्चच्या दारांवरील कुलुपे काही निघालेली नाहीत. सिरो-मलबार कॅथलिकांत, म्हणजे रोमकडे परतलेल्यांच्या चर्चमध्ये, तर धर्मगुरूने मिस्सेत लोकांकडे तोंड करावे की वेदीकडे, यावर २०२१ पासून एर्नाकुलममध्ये रण माजले.

ग्रंथप्रेमी

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळेच जण धागालेखकांना होकार देत आहेत, म्हणून मी विरुद्ध बाजू मांडतो.

ऑक्टोबर १५२९, जर्मनीतील मारबुर्गचा किल्ला. हेसचा सरदार फिलिप याला रोमन बादशहाविरुद्ध सगळ्या सुधारणावाद्यांची एक फळी हवी होती, म्हणून त्याने विटेनबर्गच्या ल्यूथरला आणि झुरिकच्या झ्विंग्लीला समोरासमोर बसवले. सत्तेचा सगळा स्वार्थ एकीकडे ओढत होता. एकमेकांच्या गादीवर दोघांचाही दावा नव्हता. शहरे वेगळी, राज्यकर्ते वेगळे. पंधरा कलमांचा मसुदा झाला, चौदांवर एकमत झाले. पंधराव्या कलमात प्रभुभोजनातील भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते की ती त्याची खूण, हा प्रश्न होता. ल्यूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ अशी लॅटिन अक्षरे लिहिली आणि ‘आहे’ या शब्दावरून तो शेवटपर्यंत हलला नाही. लूथरन आणि रिफॉर्म्ड अशा दोन शाखा तिथून पक्क्या झाल्या. इथे नेमणुकीचा प्रश्न कुठे आहे? माणसे खरोखरच एखाद्या क्रियापदासाठी युती मोडतात, हे आपल्याला आज पटत नाही, म्हणून आपण त्यामागे गादी शोधत बसतो. हा आपल्या काळाचा दोष असावा.

गिरगावकर

ग्रंथप्रेमी, हा घाव वर्मी बसला. मारबुर्ग माझ्या नियमात बसत नाही, आणि मी तो ओढूनताणून बसवणार नाही. तत्त्वासाठी वेगळे होणारे लोक असतात, हे मान्य.

तरीही माझे विधान पूर्णपणे सोडत नाही, थोडे आखडते घेतो. यान हुस याने चर्चच्या भ्रष्टाचाराविरुद्ध जे मांडले, त्यातील बरेचसे ल्यूथरच्या शंभर वर्षे आधीचे आहे. हुस १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेत जाळला गेला, ल्यूथर १५२१ च्या वर्म्सच्या सभेनंतर सॅक्सनीच्या राजपुत्राच्या किल्ल्यात सुरक्षित राहिला. मत टिकायला राज्यकर्ता लागला, छापखाना लागला, आणि पैशाचा संताप लागला. ज्या पापक्षमापत्रांवरून १५१७ ची ठिणगी पडली, त्यांच्या उत्पन्नाचा निम्मा भाग माइन्झचे आर्चबिशप अल्ब्रेख्ट यांनी ते पद मिळवताना फुग्गर पेढीकडून काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठी होता. पुन्हा पदच, पुन्हा नेमणूक! १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने तर ‘ज्याचे राज्य त्याचा धर्म’ हे उघडच मान्य केले.

जिज्ञासू

आणि १०५४ ची पूर्व-पश्चिम फूट? शाळेच्या पुस्तकात एवढे एक साल तरी लक्षात राहते.

ग्रंथप्रेमी

त्या सालाला आपण अवास्तव महत्त्व देतो. १६ जुलै १०५४ रोजी रोमचे दूत कार्डिनल हुंबर्ट यांनी हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले, तेव्हा त्यांना पाठवणारे पोप नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. पत्रात त्यांनी ग्रीकांवर असा आरोप केला की तुम्ही श्रद्धासूत्रातून ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द गाळले. वस्तुतः ते शब्द मूळ सूत्रात नव्हतेच; पश्चिमेने ते नंतर घातले होते, आणि खुद्द रोमच्या मिस्सेत ते बहुधा १०१४ पासून आले. बाकी वाद बेखमीर भाकरीचा, दाढीचा, धर्मगुरूंच्या लग्नाचा. दोन्ही बाजूंचे हे बहिष्कार १९६५ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल आणि पीठाधिपती अथेनागोरस यांनी परस्पर मागे घेतले. सामान्य लोकांच्या मनात कायमची दरी पडली ती १२०४ मध्ये, पश्चिमेच्या क्रूसयोद्ध्यांनी कॉन्स्टॅन्टिनोपल लुटले आणि तिथे लॅटिन पीठाधिपती बसवला तेव्हा. (हे शेवटचे वाक्य धागालेखकांना आवडेल, याची मला खंत आहे.)

वसईचा रहिवासी

मूळ विषयाकडे येतो, कारण पाद्रोआदोविषयी मूळ लेखात एक बाजू राहून गेली आहे. वाचणाऱ्याला असे वाटेल की राजा आणि पोप यांचे भांडण होते आणि खालचे लोक उगाच भरडले गेले. तसे नव्हते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज मठवासी गेले; इथली ख्रिस्ती वस्ती सांभाळली ती प्रामुख्याने गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी. पाद्रोआदो म्हणजे लोकांच्या लेखी हे ओळखीचे, आपल्या रंगाचे धर्मगुरू. प्रोपगंडाचे बिशप इटालियन, जर्मन. खुद्द हार्टमन स्विस. ‘आमच्यावर नवा गोरा कशाला?’ हा प्रश्न त्या वेढ्यात होता.

आणि विरोधाभास असा, की शतक-दोन शतके आधी हेच गणित उलटे होते. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातील मातेउश द कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपांनी धर्मगुरूपदाची दीक्षा नाकारली. ते थेट रोमला गेले, आणि त्याच प्रोपगंडाने त्यांना १६३७ मध्ये बिशप करून आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपॉस्टॉलिक नेमले. पोर्तुगीजांनी हयातभर त्यांना पाण्यात पाहिले. म्हणजे देशी धर्मगुरूंना एकदा प्रोपगंडाने दार उघडले आणि एकदा पाद्रोआदोने. लोक दरवाजा पाहत होते. दरवाजावरील पाटी वाचत नव्हते.

शेवटही सांगतो, कारण तो फार कमी जणांना माहीत असतो. १८८६ च्या करारात दमणला वेगळा धर्मप्रांत करून मुंबई परिसरातील पाद्रोआदो चर्च त्याला जोडली गेली. तो करार न पटलेले वेर्णे गावचे गोमंतकीय धर्मगुरू आंतोनिओ आल्वारिस रोमपासूनच तुटले आणि १८८९ मध्ये कोट्टयमला सिरियन ऑर्थोडॉक्स बिशप ‘मार युलिओस’ झाले. पणजीत त्यांनी गरिबांची आणि कुष्ठरोग्यांची सेवा केली, १९२३ मध्ये ते वारले, आणि आज ऑर्थोडॉक्स लोक त्यांच्या कबरीवर प्रार्थनेला येतात. केरळी पुणेकरांची आणि आमची गोष्ट इथे एकमेकींना भेटते.

मुंबईतील दुहेरी अंमल १९२८ मध्ये संपला, तोही एका विलक्षण तडजोडीने: आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा! पहिले लिमा पोर्तुगीज, दुसरे रॉबर्ट्स इंग्रज. या रॉबर्ट्स यांनी १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतले आणि स्वतः मुंबई सोडून गेले. त्यांनी १९५० मध्ये रीतसर राजीनामा दिल्यावर ग्रेशस आर्चबिशप झाले, आणि आळीपाळीची ती तरतूद निकालात निघाली.

गिरगावकर

वसईचा रहिवासी, मनःपूर्वक आभार. ‘नेमणूक कोणी करायची’ या माझ्या प्रश्नाला तुम्ही ‘नेमायचे कोणाला’ ही दुसरी बाजू जोडलीत. ती नसती तर धागा अर्धाच राहिला असता.

नगरकर

प्रॉटेस्टंट बाजूने दोन गोष्टी. आमच्याकडे धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, चर्चला ‘मंडळी’ आणि मिस्सेला ‘प्रभुभोजन’. म्हणजे फूट आमच्या मराठीतही उतरली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पहिली गोष्ट स्कॉटलंडची. तिथे गावच्या जमीनदाराला पाळक नेमण्याचा कायदेशीर हक्क होता, आणि त्याला नावही पाद्रोआदोच्याच अर्थाचे, म्हणजे आश्रयदात्याचा हक्क. मंडळीला नको असलेला पाळक लादला जाऊ नये, म्हणून दहा वर्षे वाद चालला, आणि १८ मे १८४३ रोजी टॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पावणेपाचशे पाळक घरे, पगार, इमारती सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. श्रद्धापत्र दोघांचेही एकच, वेस्टमिन्स्टरचे. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी नेस्बिट, मरे मिचेल आणि रजेवर गेलेले जॉन विल्सन या सर्वांनी फ्री चर्चची बाजू घेतली. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे त्याच चर्चचे पाळक झाले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. स्कॉटलंडमधील कुठल्याशा जमीनदाराचा हक्क जालन्याच्या शिवारातील मंडळीचे नाव ठरवतो, याचे मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आले आहे. जमीनदारांचा तो हक्क १८७४ मध्ये रद्द झाला. कारण संपले, तरी दोन्ही चर्चना एकत्र यायला १९२९ उजाडले.

दुसरी गोष्ट जुळण्याची. उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट चर्चच्या एकीकरणाची बोलणी १९२९ च्या सुमारास सुरू झाली आणि ती पूर्ण झाली २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात. बाप्तिस्मा लहान मुलांना द्यावा की समजत्या वयात, या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोपमध्ये लोकांना नदीत बुडवून मारले होते. इथे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवण्यावर समझोता झाला. खरी अडचण होती पाळकांच्या दीक्षेची. अँग्लिकनांचे म्हणणे, बिशपांच्या हस्तस्पर्शाची परंपरा अखंड हवी. नगरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतील लोकांचे म्हणणे, आमच्या पाळकांची आजवरची दीक्षा अपुरी होती असे आम्ही का कबूल करावे? मेथडिस्टांच्या अमेरिकी परंपरेतील मोठा गट तर अगदी अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिला, म्हणून आजही आपल्या शहरांत मेथडिस्ट मंडळी वेगळी दिसते. बाकीच्या सहा चर्चनी वाट काढली ती अशी: प्रत्येक परंपरेच्या सेवकांनी दुसऱ्या परंपरेच्या सेवकांच्या मस्तकांवर हात ठेवायचे, आणि ज्याच्या दीक्षेत जे काही उणे असेल ते परमेश्वराने भरून काढावे अशी प्रार्थना करायची. कोणाचे काय उणे होते, हे योजनेत मुद्दाम कुठेच लिहिलेले नाही.